डांगरबेटाला काही बांधायचं नसतं

भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी नेमानं वाचते, पण खरं सांगू? हसायला म्हणून वाचते. कुणाला अमावास्येलाच पांढरी साडी दिसते, कुणाची मोटारसायकल नेमकी पिंपळाखालीच बंद पडते... बाबा रे, पेट्रोल बघितलं होतंस का, असं विचारावंसं वाटतं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दाराला लिंबू-मिरच्या टांगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरात मिरची नव्हती म्हणून मी त्या काढून ठेच्यात घातल्या. तेव्हापासून त्यांचं आणि माझं जे वाजलं ते वाजलंच. तर मी अशी बाई आहे. भूत, करणी, बाहेरचं — यातलं काहीही मी आयुष्यात मानलेलं नाही.

आणि आज यातलं काहीतरी खरं निघावं म्हणून मी हात जोडते आहे. कारण ते खरं नसेल, तर माझ्या सासूला मी मारलं. दुसरा अर्थच निघत नाही.

जागा सांगते. कारध्याच्या पुलाखालून वैनगंगा पवनीकडं जाते, त्या वाटेवर आमच्या काठाशी एक बेट होतं. डांगरबेट. होतं म्हणते, कारण माती तिथंच आहे पण बेट नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ढिवर, म्हणजे नदीवरचे मासेमार लोक, तिथल्या रेतीत डांगरवाड्या लावायचे — टरबूज, खरबूज, काकड्या. बाजारात 'बेटाचं डांगर' म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नसे. वरच्या उंचवट्यावर त्यांची थोडी घरं होती. मग खाली धरण झालं, पाणी बारमाही थोपलं, वाड्या बुडाल्या. उंचवटा तेवढा वर राहिला आणि माणसं एकेक करून काठावरच्या नव्या वस्तीत गेली.

मग बोटींचा धक्का आला. भंडाऱ्यात बंदर! आमच्याकडं बंदर म्हणजे वानर, त्यामुळं लोक पोट धरून हसले. पण झालं बरं का. काठ आणि बेट यांच्यामधली धार मुरूम टाकून बुजवली, सिमेंट ओतलं, क्रेन उभी राहिली. नदीतली रेती काढून बार्जवर, म्हणजे सपाट मालबोटीवर, येते, इथं उतरते, ट्रकमध्ये भरली जाते. एका अंगाला पर्यटकांच्या लाँच, पलीकडच्या गावांची फेरीबोट. दिवसभर धूळ, डिझेलचा वास आणि शिव्या. लाल मुरूम कुठं संपतो आणि बेटाची पांढरी रेती कुठं सुरू होते, ते अजून साफ दिसतं — लुगड्याला दुसऱ्याच रंगाचं ठिगळ लावावं तसं.

आमचे हे बार्जच्या इंजिनांचे मेकॅनिक. त्यांच्या ओळखीनं मला कँटीन मिळालं. टिनाची शेड, पुढचं अंग मुरमावर, मागचं बेटाच्या रेतीवर. मागं अर्जुनाचं एक मोठं झाड आणि त्याच्या सावलीत, पाण्याच्या काठाला, बोटी बांधायचा एक लोखंडी खुंट. धक्क्यावर सगळे त्याला बोलार्ड म्हणतात. मोठ्या बार्जचे बोलार्ड पुढं मुरमाच्या बाजूला. हा मागचा छोट्या नावांसाठी ठोकला होता. जुन्या बेटाच्या मातीत गेलेला हा एकच.

कँटीनमध्ये भांडी घासायला सायत्राबाई होती. बेटावरून सगळ्यात शेवटी निघालेली ढिवरीण. निघालेली म्हणजे कशी? जेसीबी दारात उभा करून, इंजिन चालू ठेवून, 'आजी, तुमचं तुम्ही आवरता की आम्ही आवरू' असं विचारून. तिनं मडकी आणि जाळं बाहेर काढलं आणि तिच्या डोळ्यांदेखत घर सपाट झालं. त्या जागेवर आता ट्रक वळतात. त्याच जागेपासून हाकेच्या अंतरावर ती माझे चहाचे ग्लास धूत होती. माणूस किती गिळू शकतो ते मी तिच्याकडं बघून शिकले.

तिनंच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं.

"बाई, मांगच्या खुंट्याले काई बांधू नोको."

"काहून?"

"बेटाले बांधत नाई काई. आमी कधी बांधलंच नाई."

मला वाटलं बोटींपुरतं असेल. पण नाही. ते लोक डोंगा रेतीवर ओढून ठेवायचे, दोर लावायचे नाहीत. शेळ्या मोकळ्या. लेकरांना झोळी टांगायची नाही, टोपल्यात निजवायची. लग्नाचा मांडव बेटावर कधी पडला नाही, कारण मेढी रोवून त्यांना दोर बांधावे लागतात. लग्नं काठावर लागायची आणि नवरा-नवरी डोंग्यातून आले की बेटावर पाय ठेवण्याआधी उपरण्याची गाठ सोडायची. वटपौर्णिमेला बेटावरच्या बाया नाव वल्हवत काठावर यायच्या, वडाला सूत गुंडाळायला. मला हसू आलं. म्हटलं, नवऱ्याला बांधून ठेवायची तुमची हौस मोठी अन् जागा मात्र दुसऱ्याची.

सायत्राबाई हसली नाही. "देवापुढं बोकड बांधतेत ना? मंग तो आपला रायते का? तसंच हाय. इथं बांधलं म्हंजे देल्लं."

"कोणाले देल्लं?"

"ते मले काय माईत. आमी देल्लंच नाई कधी काई."

बांधलं म्हणजे दिलं, यापलीकडं तिला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्याचा आवही तिनं कधी आणला नाही.

सुपरवायझरनं त्या खुंटाला आपली छोटी नाव बांधली होती. सकाळी नाव नाही. दोर होता. खुंटावरचा फास जसाच्या तसा, आणि नावेच्या कडीतून ओवलेला दुसरा फासही बंद, गाठीसकट, पाण्यात लोंबत. कडी नाही, नाव नाही. सगळे म्हणाले, गाठ सरकली असेल. सरकून परत बसली का, असं मी विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, बाई, तुम्ही पोहे बघा.

मग होळीला कामगारांनी बोकड आणला. कवडू नावाच्या हमालानं तो त्याच खुंटाला बांधला. दुपारी बघतात तर गळ्याचं दावं गोल, गाठ मारलेली, आणि बोकड गायब. कवडूला धरलं. गाठ सोडल्याशिवाय जनावर निघत नाही, आणि बांधणारा तू, म्हणजे सोडणाराही तूच — विकून खाल्लास. त्याला पट्ट्यांनी मारलं. तो पाया पडत होता, तरी मारलं. दुसऱ्या दिवसापासून तो धक्क्यावर दिसला नाही. मीही तेव्हा हेच म्हटलं होतं, की दुसरं कोण सोडणार? सरळ हिशोब आहे.

आता सासूबाईंचं.

गोड बाई नव्हती, हे आधीच सांगते. मेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात... मेल्या की नाही तेही मला माहीत नाही म्हणा. मी आले तेव्हापासून माझ्या स्वयंपाकात त्यांना फक्त खोट दिसली. पण गेली काही वर्षं त्यांचं डोकं फिरत गेलं. आधी भांड्यांची नावं विसरल्या, मग माणसांची, मग स्वतःचं घर. दार उघडं दिसलं की बाहेर. एकदा पार नागपूर रोडवर सापडल्या, अंगावर लुगडं नीट नव्हतं. ह्यांना त्या 'बापू' म्हणायच्या, म्हणजे स्वतःच्या वडिलांना म्हणायच्या ते. आणि मला — मला त्या 'माय' म्हणायला लागल्या. सगळी जिंदगी जिनं मला टोमणे मारले ती माझा पदर धरून म्हणायची, "माय, मले टाकून जाऊ नोको ना वो." मी सांगते, तेव्हा माझा त्यांच्यावर जीव जडला. आयुष्यात पहिल्यांदा. हे कुणालाच खरं वाटत नाही.

घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून त्यांना कँटीनवर आणायचे. आधी आत बसवलं, तर उकळत्या चहात हात घातला. पुढं बसवलं, तर रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली गेल्याच होत्या, क्लीनरनं ओढलं म्हणून वाचल्या. शेवटी ह्यांनी जुन्या लुगड्याचा मऊ पट्टा फाडला आणि मागं सावलीत, त्या खुंटाला त्यांना बांधलं. कमरेभोवती, कासोट्यातून ओवून, म्हणजे निसटणार नाही. बांधलं म्हणून नाक मुरडू नका. ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांनीच बोलावं, बाकीच्यांनी गप्प बसावं.

गाठीचं सांगायला हवं. आमच्या सासऱ्यांची एक गाठ होती, बैलाच्या दाव्याला मारायचे ते. बैलानं कितीही हिसके दिले तरी गळ्याला आवळत नाही आणि दातांनी सुटत नाही. ती ह्यांना सासऱ्यांकडून आली आणि मला ह्यांच्याकडून, कारण सासूबाईंना दिवसातून कितीदा तरी मोरीवर न्यावं लागायचं. लाँचवाल्या पोरांनी पैज लावून बघितली, कुणालाच सुटली नाही. हे म्हणायचे, "आपल्या दोघायलेच येते ना, बस झालं."

सायत्राबाईनं पाहिलं आणि ती भांडी टाकून उठली. गाठीशी झटली, नखं मोडली, सुटेना.

"सोड वो बाई हिले! जनावर हाय का हे?"

हे ओरडले, "मंग तू बसून रायतं का जवळ? ट्रकखाली गेली म्हंजे?"

"हो, बसतो. मी बसतो."

आणि खरंच ती बसायला लागली. मी पट्टा सोडायची आणि सायत्राबाई सासूबाईंचा हात धरून सावलीत बसायची. एका हातानं ग्लास विसळायची. दोघींचं बोलणं ऐकलं की हसावं की रडावं कळायचं नाही. सासूबाई तिला स्वतःची जाऊ समजून भांडायच्या आणि सायत्राबाई जाऊ होऊन भांडणाला उत्तर द्यायची. ड्रायव्हर लोकांना मात्र खेळ मिळाला होता. "आजी, तुमची गाडी आली ना!" असं म्हणायचे, की त्या उठून गाठोडं शोधायच्या. मग सगळे ड्रायव्हर हसायचे. मी एकावर झारा फेकून मारला, तर तो म्हणे बाईचं डोकं सासूसारखंच गेलं.

सायत्राबाईला काम असलं की तेवढ्यापुरता पट्टा बांधावा लागायचा. ती परत येईपर्यंत. तेव्हा काही झालं नाही, एकदाही नाही. म्हणून मी निश्चिंत होते.

त्या दिवशी धक्क्यावर मोठे पाहुणे येणार होते. सकाळपासून भोंग्यावर गाणी, चुन्याच्या रेघा, फुगे. सिक्युरिटीला सांगितलं होतं की गेटपास असल्याशिवाय चिटपाखरू आत सोडायचं नाही. सायत्राबाईकडं कसला आला गेटपास? ज्या मातीवर तिचा जन्म झाला तिथं जायला तिला गेटवर अडवलं. ती बराच वेळ तिथं ओरडत होती म्हणे. गेटवाल्यानंच मला नंतर हसत सांगितलं — "ते बुडी बोंबलत होती ना, 'तिले सोडा, आज मी नाई हाय, तिले सोडा' म्हून." भोंग्यामुळं मला काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, बरं नसेल, आली नाही.

हे सकाळीच बार्जवर गेले होते, नदीच्या मध्यावर, सगळ्या माणसांबरोबर. जाताना आईला बांधून गेले. मी मधे एकदा पट्टा सोडून मोरीवर नेऊन आणलं, पुन्हा बांधलं. भर दुपार होती. मी आलुबोंडे तळत होते. मागचं दार उघडं, आणि कढईपाशी उभं राहिलं की मला त्यांची पाठ दिसायची — पांढरे केस, खाली पडलेला पदर. त्या रेतीवर बोटानं काहीतरी काढत होत्या. पुढून कुणीतरी ताट मागितलं. मी वळले, ताट दिलं, परत वळले.

सासूबाई नव्हत्या.

पट्टा होता. आणि आता जे लिहिते ते मी पोलिसांना सांगितलं, मोठ्या नणंदेला सांगितलं, आणि दरवेळी समोरच्याचा चेहरा बदलताना पाहिला. पट्टा खाली पडलेला नव्हता. खुंटापासून पाण्याच्या दिशेनं तो ताणलेला होता... सरळ, जमिनीपासून वर, दोरीवर ओले कपडे घातल्यावर असतो तसा किंचित झोल. टोकाला कमरेचा फास, बंद, गोल. आत काही नाही. मी बघत होते. हातात झारा होता, त्यातून तेल माझ्या पायावर गळत होतं, ते मला रात्री फोड आल्यावर कळलं. मग पट्टा सैल झाला आणि रेतीवर पडला.

मी धावले. खुंटापासून पाण्यापर्यंत सकाळी मी खराटा मारला होता. खराट्याच्या रेघा तशाच होत्या. एक पाऊल नाही. त्या बसल्या होत्या तिथं तेवढी रेती दबलेली. पाणी गप्प. फास हातात घेतला, तर गाठ आमचीच. कासोट्यातून ओवलेला पट्टा कासोट्याशिवाय परत आला होता. लुगडंही त्यांच्याबरोबरच गेलं, मग हा फास बंद कसा? मी तेव्हा ओरडले ते म्हणे बार्जपर्यंत ऐकू गेलं. गाणी तरी बंद केली नाहीत कुणी. पाहुणे यायचे होते.

ढिवर लोक आले. त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. नदीत माणूस गेलं की जाळी घेऊन येतात, ही त्यांची रीत. चार-पाच डोंगे दिवस मावळेपर्यंत आणि पुढचे कितीतरी दिवस फिरले. डोह ढवळला, गळ टाकले. त्यातला एक म्हातारा ह्यांना म्हणाला, "बापू, पाण्यात असती तं आमाले सापडली असती. पाण्यात नाई हाय." ह्यांनी त्याची कॉलर धरली.

पोलिसांनी 'मिसिंग' लिहून घेतलं. कॅमेरे सगळे ट्रकांकडं तोंड करून, मागं एकही नाही. साहेब म्हणाले, वेडी बाई, निसटली असेल. मी म्हटलं, साहेब, कंबर केवढी, फास केवढा, बघा तरी. त्यांनी बघितला. मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ओळखीची वाटायला लागली आहे आता.

देह नाही, म्हणून कार्य नाही. करायचं की थांबायचं हे ठरवायला घरी भाऊबंद जमले. आंबागडवरून माझी मोठी नणंद आली, मंदाताई. रडली, माझ्या गळ्यातही पडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "तो पट्टा कोठं हाय?"

ह्यांनी तो सांभाळून ठेवला होता, गाठीसकट. काढून दिला. तिनं तो सगळ्यांच्या हातात फिरवला. दीर, चुलतसासरे, त्यांची पोरं, सगळ्यांनी झटून बघितलं. कुणालाच सुटली नाही. फिरत फिरत पट्टा मंदाताईकडं परत आला आणि तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला.

"सोडून दाखव."

मी म्हटलं, ताई, हे काय?

"काई नाई. सोडून दाखव फक्त."

काय करायला हवं होतं मी? येत नाही म्हणायचं? हे समोर बसले होते. मी पट्टा हातात घेतला, आणि हातांना काय कळतं... त्यांना सवय होती. एक पेर वर, एक खाली, सुटली. डोळ्याची पापणी लवावी इतक्यात.

"आता बांधून दाखव."

मी बांधली. माझं मलाच कळत होतं की मी काय करते आहे, तरी बांधली. खोटं बोलायचं नव्हतं. मंदाताईनं तो फास उचलला, दिव्यासमोर धरला, आणि एवढंच म्हणाली, "अशीच होती ना रे, भाऊ?"

हे म्हणाले, "हो."

त्या दिवसापासून आमच्या घरी कुणी पाणी पीत नाही. शेजारीण पोरांना सांगते, त्या काकूकडं जाऊ नका. धक्क्यावर ड्रायव्हर लोक मी चहा पुढं केला की एकमेकांना म्हणतात, "पी बापा, पण बांधून घेऊ नोको." त्यांना विनोद लागतोच. सासूला कंटाळली, सोडलं, ढकललं, आणि गाठ परत मारून ठेवली — अशी गोष्ट तयार झाली आहे आणि ती माझ्या गोष्टीपेक्षा हजारपट खरी वाटते. मलाही वाटली असती. दुसऱ्या कुणाची असती तर मीच आधी म्हटलं असतं.

सायत्राबाईकडं गेले. वाटलं होतं, ही तरी म्हणेल की बाई, तुझा दोष नाही. ती नव्या वस्तीतल्या पत्र्याच्या घरात जाळं विणत बसली होती. मी सगळं सांगितलं, पट्टा कसा ताणला होता तेसुद्धा. तिनं जाळं खाली ठेवलं नाही.

"मावशी, तुम्ही येऊन सांगा ना ह्यांना. बेटाचं सांगा."

"मी सांगतलं होतं तवा कोन आयकलं? मले गेटावर हाकललं. आता तुले पायजे म्हून मी खरी झालो का?"

"मग त्या कुठं गेल्या असतील?"

"मले माईत नाई."

"परत येतील का?"

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पण मायाही नव्हती त्या नजरेत. "आमी बांधलंच नाई कधी. मंग परत येते का नाई, आमाले कसं माईत असन?" आणि जाळ्याकडं बघत म्हणाली, "हात धरून बसलो असतो मी. तिचा हात लई नरम होता." तिनं मला चहासुद्धा विचारला नाही.

ह्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. हे मारत नाहीत, ओरडत नाहीत. मी वाढलं की जेवतात. फक्त माझ्याकडं न बघता जेवतात. एकदा मी ताट पुढं ठेवून विचारलंच, "तुम्हाला काय वाटतं, मी केलं?"

हे भात कालवत राहिले.

"मी तुले काई म्हनत नाई," म्हणाले. "पन गाठ आपल्या दोघायलेच येत होती. मी नदीत होतो."

मी म्हटलं, "मग मला बांधा."

"काय?"

"तिथंच. त्याच पट्ट्यानं, त्याच गाठीनं. दुपारी. मी जाते का राहते बघा."

मला वाटलं हे म्हणतील, येडी झाली का तू. म्हणाले नाहीत. हात धुतले.

दुसऱ्या दिवशी कँटीनची भट्टी विझवून मी मागं जाऊन बसले. ह्यांनी पट्टा कमरेभोवती घेतला, साडीतून ओवला, खुंटाला बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. मग कामावर निघून गेले. मी तिथं बसले. समोर नदी, मागं क्रेनचा आवाज. मला मरायचं नव्हतं, खोटं कशाला सांगू, माझी पोरगी कॉलेजात आहे. पण मी मनापासून म्हटलं, ने. मला ने. आईंना नेलंस तसं मलाही ने, म्हणजे ह्यांना कळेल. जिनं आयुष्यात देवाला कधी हात जोडले नाहीत ती बाई एका लोखंडाच्या तुकड्याला बांधून घेऊन रेतीला विनवण्या करत होती. लाँचमधले पर्यटक फोटो काढत गेले.

काही झालं नाही. पट्टा ताणला नाही, वारासुद्धा सुटला नाही. एक कुत्रं येऊन माझा पाय हुंगून गेलं. संध्याकाळी हे आले. उकिडवं बसून गाठ नीट तपासली, जशी बांधली होती तशीच आहे ना ते.

"काई नाई झालं," म्हणाले.

"नाही."

"मंग?"

एवढंच. मंग?

तुमच्यात शिकलेली माणसं आहेत, कुणी म्हणेल भ्रम, कुणी म्हणेल उन्हानं दिसलं तसं, कुणी म्हणेल बाई लपवते आहे. म्हणा. आईंना काय झालं याचं उत्तर माझ्याकडं आज नाही आणि पुढंही मिळेल असं वाटत नाही. बाकीच्यांच्या अनुभवात शेवटी असं लिहिलेलं असतं तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. माझ्या घरात उत्तर नाही म्हणजे मीच उत्तर आहे.

त्यानंतरच्या दिवशी मी काही म्हटलं नव्हतं. जेवण झालं, मी ताटं उचलत होते. हे आतून पट्टा घेऊन आले आणि दारात उभे राहिले. मी पदराला हात पुसले आणि त्यांच्या मागं खुंटाकडं निघाले. आता रोज निघते.